नजर अचानक जाते तेव्हा : साखर, स्टेरॉइड आणि काळी बुरशी

अचानक दिसेनासे झाले की माणूस आधी चष्म्याच्या दुकानात जातो. नाशिकच्या सातपूरसारख्या ठिकाणी तर हे साहजिकच आहे. १९६० च्या दशकात त्र्यंबक रस्त्यालगत औद्योगिक वसाहत वसली, मायको, सिएट, महिंद्र असे मोठे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी प्रेसशॉप, मशीनशॉप, फॅब्रिकेशनची छोटी युनिटे गल्लोगल्ली उभी राहिली. अशा कामात डोळ्याला काही झाले की पहिला संशय कामावरच जातो. वेल्डिंगचा उजेड लागला असेल, लोखंडाचा कण उडाला असेल, रात्रपाळीचे जागरण बाधले असेल. दोन महिन्यांपासून साखरेची गोळी बंद आहे, ही गोष्ट डोळ्याशी कोणी जोडत नाही.

नेत्रतज्ज्ञांचा अनुभव वेगळा आहे. एका रात्रीत गेलेली नजर पुष्कळदा डोळ्याच्या रोगाने गेलेली नसतेच. रोग शरीरात असतो, डोळा त्याचा बळी ठरतो. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ आलेल्या म्युकरमायकोसिसने, म्हणजे ‘काळ्या बुरशी’ने, हे महाराष्ट्राला फार क्रूरपणे दाखवले. त्या साथीवर तेव्हा बोलले गेले त्यात घाबरगुंडी जास्त आणि शहानिशा कमी होती. आता बरेच अभ्यास हाती आले आहेत. त्यातले काय पक्के ठरले आणि कशावर अजून मतभेद आहेत, ते पाहू.

आतल्या आजाराने डोळा जाण्याच्या वाटा

सर्वांत नेहमीची वाट मधुमेहाची. डोळ्याच्या पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात आणि एक दिवस त्यातली एखादी फुटते. डोळ्यापुढे आधी काळ्या रेघा तरंगतात, मग सगळे झाकोळते. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस थांबतो. लेसर, डोळ्यात देण्याची इंजेक्शने, शस्त्रक्रिया हे उपाय आहेत आणि त्यांबद्दल फारसा वाद नाही. अडते ते रुग्ण वेळेवर येण्यापाशी.

दुसरी वाट पडद्याच्या मुख्य धमनीत गुठळी अडकण्याची. रक्तदाब, हृदयरोग, मानेतल्या धमनीत साचलेली चरबी ही तिची कारणे. आयोवा विद्यापीठातले सोहनसिंग हयरेह यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत रक्तपुरवठा सुमारे ९७ मिनिटे तोडला तरी पडदा सावरला. २४० मिनिटांनंतर मात्र नुकसान कायमचे झाले. एवढ्या वेळात सातपूरचा कामगार गेटपास काढून, घरी जाऊन, कोणाला तरी सोबत घेऊन रिक्षात बसलेला असतो. गुठळी विरघळवण्याचे औषध थेट डोळ्याच्या धमनीत सोडून पाहणारी युरोपातली ईगल चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात फायदा दिसला नाही, अपाय मात्र जास्त झाले. शिरेतून लवकर औषध दिल्यास काय होते, यावरचा वाद मिटलेला नाही. एक गोष्ट मात्र मान्य झाली आहे. २०२१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने याला पक्षाघाताचाच प्रकार म्हटले. म्हणजे असा रुग्ण चष्म्याच्या दुकानात किंवा डोळ्याच्या ओपीडीच्या रांगेत बसता कामा नये. त्याच्या मेंदूची आणि हृदयाची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

तिसरी वाट पन्नाशीनंतरच्या माणसांच्या कानशिलाच्या धमनीला सूज येण्याची. डोके दुखते, चावताना जबडा दुखतो आणि एक डोळा जातो. आपल्याकडे हा आजार कमी आढळतो. पण त्याचा उल्लेख करायचा तो उपचारासाठी: इथे भरपूर मात्रेतले स्टेरॉइड ताबडतोब सुरू करावे लागते, तरच दुसरा डोळा वाचतो. एका आजारात स्टेरॉइड उशिरा दिले म्हणून डोळा जातो. ज्या आजाराकडे आता वळायचे आहे, त्यात ते नको तेव्हा, नको तेवढे दिले म्हणून डोळे गेले, असा आरोप आहे.

जुना रोग, नवी गर्दी

म्युकरमायकोसिस काही २०२१ मध्ये जन्मला नाही. पाल्टॉफ यांनी १८८५ मध्ये माणसातल्या या रोगाचे वर्णन केले. १९४३ मध्ये ग्रेगरी, गोल्डन आणि हेमेकर यांनी अमेरिकेत तीन मधुमेही रुग्णांची हकीकत छापली. तिघांच्याही शरीरात साखर बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी झाले होते, आणि बुरशी नाकातून डोळ्याच्या खोबणीत व तिथून मेंदूत गेली होती. आज वैद्यकाचा विद्यार्थी हेच चित्र शिकतो.

बुरशीचे बीजाणू मातीत, कुजलेल्या पाल्यात, शिळ्या भाकरीवर, हवेत असतात. रोज ते आपण श्वासाबरोबर आत घेतो आणि पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. साखर फार वाढली की या पेशी मंदावतात. रक्त आम्लधर्मी झाले की प्रथिनाशी बांधलेले लोह सुटे होते आणि बुरशीला तेच हवे असते. मग ती रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरते, आत गुठळी होते, पुढचा भाग रक्ताविना मरतो. काळा पडतो तो हा मेलेला भाग. बुरशी स्वतः काळी नसते. सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कागदाइतके पातळ हाड असते. ते ओलांडल्यावर पापणी पडते, डोळा हलेनासा होतो, बाहेर येतो. बुरशी खोबणीच्या टोकाशी पोचली, जिथे डोळ्याची नस आणि धमनी एकत्र असतात, की दिसणे बंद होते.

भारतात हा रोग आधीही जास्तच होता. चंडीगडच्या पीजीआयमधले अरुणालोक चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी दर दहा लाख लोकांमागे १४० असा अंदाज मांडला होता, विकसित देशांच्या सुमारे ८० पट. हा आकडा गणिती प्रतिमानातून आलेला आहे, घरोघरच्या मोजणीतून नव्हे, हे वाद घालताना पुष्कळजण विसरतात.

२०२१ च्या वसंतात नाशिक जिल्हा देशातल्या सर्वाधिक सक्रिय रुग्णांच्या जिल्ह्यांत होता. पाठोपाठ मे महिन्यात बुरशीचे रुग्ण येऊ लागले. मुंबईच्या शीव रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात एरवी वर्षाला सहा रुग्ण येत; त्या वर्षी दोन महिन्यांत २४ आले, त्यातल्या ११ जणांचा डोळा काढावा लागला आणि सहाजण दगावले. केंद्र सरकारने ७ जून २०२१ रोजी दिलेल्या आकड्यांनुसार देशात २८,२५२ रुग्ण होते आणि महाराष्ट्र ६,३३९ रुग्णांसह पहिला होता.

नजर जाणे ही उशिराची खूण

सर्वांत मोठी माहिती मिळाली ती भारतातल्या नेत्रशल्यचिकित्सकांच्या ‘कॉस्मिक’ या एकत्रित अभ्यासातून. संतोष होनावर आणि सहकाऱ्यांनी २,८२६ रुग्णांची नोंद केली. ७८ टक्के मधुमेही, ८७ टक्क्यांना स्टेरॉइड दिलेले, ५७ टक्क्यांना ऑक्सिजन लागलेला. पुरुष ७१ टक्के, सरासरी वय ५२ च्या आसपास. म्हणजे घर चालवणारा कर्ता माणूस. मृत्यू १४ टक्के.

याच गटाने रोगाचे टप्पे पाडले: पहिला नाकाचा, दुसरा सायनसचा, तिसरा डोळ्याच्या खोबणीचा, चौथा मेंदूचा. तिसऱ्याचे पुन्हा उपटप्पे. त्यातल्या ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये नजर शाबूत असते, ‘क’ मध्ये जाते. ‘ब’ ओलांडला की रुग्ण जगण्याची शक्यताही घटते, असे या अभ्यासात दिसले. माझ्या मते संपूर्ण अहवालातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. नजर जाणे ही या रोगाची सुरुवात नव्हे. रोगाने उंबरठा ओलांडल्याची ती खूण आहे. आणि तरीही १९ टक्के रुग्णांनी सांगितलेले मुख्य लक्षण नजर जाणे हेच होते. गाल बधिर होणे, एका बाजूचे नाक बंद होणे, नाकातून काळपट स्राव, दाढ दुखणे, दुहेरी दिसणे ही आधीची लक्षणे त्यांच्याही वाट्याला आली असणार. कोरोनातून उठलेल्या माणसाला गाल बधिर झाल्याचे कौतुक कसले? जीव वाचला, हेच खूप होते.

आपल्याकडेच एवढे का?

या प्रश्नाची उत्तरे चार-पाच बाजूंनी आली.

स्टेरॉइडला दोष देणाऱ्यांचे म्हणणे असे. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले की डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिल्यास ऑक्सिजनवरचे रुग्ण वाचतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा नाही. आपल्याकडे मात्र ते घरच्या घरी, तापाच्या पहिल्या दिवसांत, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चिठ्ठीनुसार, वाढीव मात्रेत घेतले गेले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधल्या १६ केंद्रांच्या अभ्यासात २८७ रुग्णांपैकी १८७ कोरोनाशी निगडित होते, आणि रक्तातला ऑक्सिजन घटणे व स्टेरॉइडचा अयोग्य वापर या दोन गोष्टी कोरोनानंतर उशिरा होणाऱ्या म्युकरमायकोसिसशी स्वतंत्रपणे जोडलेल्या आढळल्या.

दुसऱ्या बाजूचा आक्षेपही वजनदार आहे. ८७ टक्के रुग्णांना स्टेरॉइड मिळाले होते, पण बुरशी न झालेल्या कोरोना रुग्णांपैकी किती जणांना मिळाले होते? तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नाही तर टक्केवारी कितीही मोठी असली तरी ती कारण सिद्ध करत नाही. शिवाय स्टेरॉइड साऱ्या जगाने वापरले. मधुमेहही साऱ्या जगात आहे. मग अमेरिकेत, ब्राझीलमध्ये अशी लाट का आली नाही?

त्याला मधुमेहाकडून उत्तर येते. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे साडेतेरा कोटी उंबरठ्यावरचे आहेत. अनेकांना आपल्याला साखर आहे हे कोरोनासाठी दाखल झाल्यावरच कळले. नियंत्रण नसलेली साखर, त्यात साखर चढवणारा विषाणू, त्यात साखर चढवणारे औषध, आणि भोवती उष्ण दमट हवेतले भरपूर बीजाणू. हे चारही एकत्र आले, असे बहुतेक तज्ज्ञ आज मानतात. कोणाचा वाटा किती, यावर एकमत नाही. डेल्टा प्रकाराचा स्वतंत्र हात होता की केवळ रुग्णसंख्या अफाट होती, हेही वेगळे काढता आलेले नाही.

तिसरे उत्तर ऑक्सिजनचे, आणि नाशिकमध्ये ते जास्त चालले. कारण उघड आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती होऊन किमान २२ रुग्ण गेले. २२ एप्रिलपासून केंद्राने मोजके उद्योग वगळता कारखान्यांचा ऑक्सिजन थांबवला. सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडचे सिलिंडर रुग्णालयांकडे वळले, आणि काही आठवड्यांत बुरशी दिसू लागली. लोकांनी दुवा जोडला: कारखान्याचा घाणेरडा सिलिंडर. दाबाखाली कोरड्या वायूत बुरशी वाढणे अवघड आहे, असे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सांगतात. संशय घ्यायचाच तर ऑक्सिजन ओला करणाऱ्या बुडबुड्यांच्या बाटलीतल्या नळाच्या पाण्यावर घ्यावा. त्यालाही मर्यादा आहे: कॉस्मिकमधल्या ४३ टक्के रुग्णांना ऑक्सिजन लागलाच नव्हता. रुग्णालयांच्या पाहणीत वातानुकूलन यंत्रांच्या झरोक्यांवर आणि वापरलेल्या मास्कवर बीजाणू सापडले. पण ते सापडणे आणि रोगाचे कारण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जस्ताच्या गोळ्या, सतत घेतलेली वाफ, अनावश्यक प्रतिजैविके, शेणाचा धूर याही कल्पना मांडल्या गेल्या. त्यातल्या काही नियतकालिकांत छापल्याही गेल्या. बुरशीला जस्त लागते हे खरे. माणसाने गोळी घेतल्याने रोग होतो, हे त्यावरून ठरत नाही. त्यांना एवढीच जागा पुरे.

डोळा काढावा की ठेवावा

सर्वांत अवघड वाद शस्त्रक्रियागृहातला आहे. नजर गेलेला, बुरशीने भरलेला डोळा खोबणीसकट काढावा का?

काढावा म्हणणाऱ्यांचा मुद्दा सोपा आहे. दिसणार तर नाहीच, मग मेंदूकडे जाण्याची वाट तरी बंद करू. मेलेल्या भागात रक्त पोचत नाही, म्हणजे औषधही पोचत नाही. तो भाग काढल्याशिवाय गत्यंतर नाही. ठेवावा म्हणणारे विचारतात, बुरशी खोबणीच्या टोकाला पोचली असेल तर काढून सीमा स्वच्छ होते कुठे? तिथून मेंदूच्या शिरांची गुहा जेमतेम काही मिलिमीटरवर. डोळा गमावून माणूसही हाती लागत नाही, असे होते. त्यांचा पर्याय म्हणजे सायनसची वारंवार सफाई आणि डोळ्यामागे अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाचे इंजेक्शन, साधारण साडेतीन मिलिग्रॅम एका वेळी. कॉस्मिकमधल्या २२ टक्के रुग्णांना असे इंजेक्शन मिळाले. काही अभ्यासांत त्यामुळे डोळे वाचले आणि मृत्यू वाढले नाहीत. पण हे सारे अभ्यास मागे वळून पाहणारे आहेत. ज्याचा रोग जास्त, त्याचाच डोळा काढला जातो. मग डोळा काढलेल्यांत मृत्यू जास्त दिसले तर दोष शस्त्रक्रियेचा की रोगाचा? चिठ्ठी टाकून गट पाडणारी चाचणी झालेली नाही, आणि मरणाच्या दारातल्या रुग्णांवर ती करणे नैतिकदृष्ट्याही कठीण आहे.

एका बाबतीत आकडे बरेच स्पष्ट आहेत. कॉस्मिकमध्ये मेंदूपर्यंत पोचलेल्या रोगातही सायनसची सफाई केलेल्यांत मृत्यूचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आलेले दिसले. डोळ्यावर वाद घालणाऱ्या दोन्ही गटांना नाकाच्या डॉक्टरांचे महत्त्व मान्य आहे.

पिवळी बाटली

औषधावर वाद कमी, पण अडचणी फार. निदान व्हायला वेळ लागत नाही: नाकातला काळा तुकडा पोटॅशच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की रुंद, फितीसारखे, जवळपास काटकोनात फाटे फुटणारे धागे दिसतात. पुढचे काम दीर्घ. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनची कुपी ५० मिलिग्रॅमची. किलोमागे ५ मिलिग्रॅम या किमान हिशेबाने ६० किलोच्या माणसाला रोज सहा कुप्या, आणि तेही कित्येक आठवडे. पिवळसर औषध सलाइनमध्ये मिसळत नाही, ग्लुकोजच्याच पाण्यात द्यावे लागते. म्हणून मधुमेह्याला सोबत इन्सुलिनचा हिशेब. रुग्णाला हुडहुडी भरते, पोटॅशियम घसरते, क्रिएटिनिन वर जाते.

मे २०२१ मध्ये एकेका कुपीसाठी नातेवाईक शहरभर हिंडत होते. त्या महिन्यात वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसला उत्पादनाची परवानगी मिळाली, १२ जूनला जीएसटी परिषदेने औषधावरचा कर शून्य केला, राज्याने महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत मोफत उपचार आणले आणि खासगी रुग्णालयांच्या दरांना मर्यादा घातली. टंचाईत साधे, लायपोसोमल नसलेले अ‍ॅम्फोटेरिसिन द्यायचे की मूत्रपिंड सांभाळायचे, हा निर्णय तेव्हा ज्याने त्याने खाटेपाशी घेतला. इसाव्युकोनाझोल, पोसाकोनाझोल या गोळ्यांची जागा कोणती, सुरुवातीची की नंतरची, यावर आजही एकवाक्यता नाही.

वाचलेल्यांचा हिशेब

साथ ओसरल्यावर चर्चाही ओसरली. पण एका डोळ्याने घरी परतलेला माणूस कामगार असेल, तर त्याचा खरा प्रश्न तिथून सुरू होतो. एका डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो. प्रेसवर हात घालणाऱ्याला ते परवडत नाही.

सातपूरमध्ये कामगार विमा रुग्णालय आहे, आणि महिना २१ हजारांपर्यंत वेतन असणाऱ्याला कामगार विमा योजना लागू होते. आजारपणात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कामगार विम्याच्या कायद्याच्या अनुसूचीत एक डोळा गमावल्यास कमाईची क्षमता ४० टक्के घटली असे मानले आहे, डोळा शाबूत राहून नुसती नजर गेल्यास ३० टक्के. मात्र ही तरतूद कामावर झालेल्या इजेसाठी आहे. यंत्राने फोडलेल्या डोळ्याला भरपाई मिळते. साखर, विषाणू आणि औषध यांनी मिळून नेलेल्या डोळ्याला या कलमाखाली मिळत नाही.

अपंगत्वाच्या दाखल्याकडे वळावे, तर २०१६ च्या कायद्यात बहुतेक सवलती ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाला आहेत. त्या कायद्याखालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा नीट असलेला माणूस ३० टक्क्यांत मोजला जातो. दुसऱ्या डोळ्याने सहा मीटरवरच्या ओळी वाचता आल्या की तो पात्रतेच्या रेषेखाली राहतो. खोबण रिकामी झाल्याने चेहऱ्याचे झालेले नुकसान या नजरेच्या मोजणीत धरले जात नाही. रेषा ३० वर आणावी, की चेहऱ्याचे नुकसान वेगळे मोजावे, असे दोन्ही पर्याय मांडता येतात. पहिल्याने लाभार्थी फार वाढतील, दुसऱ्याने मोजणी किचकट होईल, असे त्यांवरचे आक्षेप. दरम्यान कामावर परत घ्यायचे की नाही, हे कंपनीचा डॉक्टर आणि ठेकेदार ठरवतात.